फेटेरावांच्या जोडीचा मान

पुण्याहून निघालो तेव्हा संपादकांनी मला जणू काळ्या पाण्यावर पाठवावं तसा निरोप दिला. "जा, पण मार खाऊ नका. पुढच्या अंकाची चित्रं यायची आहेत," म्हणाले. माझ्या जिवाची काळजी त्यांना होती. फक्त ती अंक निघेपर्यंतची होती.

प्रकरण असं की, चित्रकलेच्या परीक्षेत नापास झाल्यावर मी आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग एका नाटक कंपनीचे पडदे रंगवले, आणि कंपनी बुडाल्यावर मासिकात चित्रमालिका काढायला लागलो. तिचे नायक फेटेराव पाटील, वऱ्हाडातले ढेरपोटे गृहस्थ. वऱ्हाडच का? तर ते मी पाहिलेलं नव्हतं, आणि आमच्या पुणेरी वाचकांनीही पाहिलेलं नसणार, म्हणजे चूक काढायला कुणी नाही! आदल्या वर्षीच्या श्रावणाच्या अंकात मी फेटेरावांची बैलजोडी पोळ्याच्या तोरणाखालून सगळ्यांत आधी नेली आणि तोरण त्यांच्याच गळ्यात अडकवलं. लोक हसले, मी विसरलो.

पण मासिक वऱ्हाडात जात होतं. बुलढाणा जिल्ह्यात वरवट बकालच्या पलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथले दोन्ही पाटील हयात आहेत आणि दोघांनाही वाचता येतं. त्या गावाने चित्र पाहून ठरवलं की हे आपलंच गाव. मारुतीचं देऊळ, पुढे कडुनिंब, बाजूला विहीर. अहो, असं नसलेलं गाव दाखवा मला! पण तिथे पोळ्याच्या पहिल्या मानावरून पाटील घराण्याच्या दोन शाखांचं, थोरली पाती आणि धाकटी पाती यांचं, जुनं भांडण होतं, आणि आता प्रश्न उभा राहिला की चित्रातली पहिली जोडी कुणाची. छापलंय म्हणजे कुणीतरी पाहून, चौकशी करूनच छापलं असणार. त्या वर्षी भांडण इतकं पेटलं की पोळा फुटलाच नाही, म्हणजे तोरणाखालून एकही जोडी गेली नाही. सबंध गावाचे बैल अंधार पडेपर्यंत पावसात उभे राहिले आणि पूजा न होताच गोठ्यात परतले. पुढच्या वर्षी दोन्ही पाटलांनी मिळून एक कार्ड टाकलं होतं: पोळ्याला जातीने या आणि खरं काय ते सांगा. त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट म्हणे.

मनमाडला गाडी बदलून नांदुऱ्याला उतरलो. फलाटावर सरकीचा वास आणि धान्याची पोती. पुढे मोटार पूर्णेच्या काठापर्यंत. नदी भरून चाललेली, म्हणून नावेने पलीकडे गेलो. वऱ्हाडची काळी माती कापसाला चांगली असं भूगोलात शिकलो होतो. बुटांना ती काय करते हे पुस्तकात नव्हतं. नावेतून उतरताना डावा बूट तिने ठेवून घेतला तो घेतलाच. दोघा नावाड्यांनी हात घालून शोधला. शेवटी त्यातला एक म्हणाला, "आता राहू द्या, बावा. उन्हायात (उन्हाळ्यात) निंघन."

काठावर गाडीवान दमणी (माणसं नेण्याची छोटी बैलगाडी) घेऊन उभा होता. त्याने माझ्या एका बुटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुमीच का ते चित्रवाले?"

"होय."

"मंग डोक्याले हे मुंडासं बांधून घ्या."

"का? ऊन तर नाही."

"उनाचं नाई म्हनत मी," तो म्हणाला आणि बैल हाकायला लागला.

मी मुकाट्याने बांधलं. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी आणि ज्वारी इतकी हिरवीगार होती की एरवी मी वही काढली असती. पण मेल्यावर चित्र कोण पुरं करणार, या विचाराने हात चालेना.

गावात पोचलो तेव्हा खांदशेकणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेकतात, त्याला हे नाव. थोरल्या पातीचे किसन पाटील, उंच आणि मोठे गंभीर गृहस्थ, आपल्या बैलाच्या कानाशी वाकून म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला एवढ्या अदबीने जेवायचं आवतन (आमंत्रण) देणारा माणूस मी प्रथमच पाहिला. पुण्यात मला कुणी असं बोलावलेलं नाही. खरं सांगतो, त्या बैलाचा मला हेवा वाटला.

किसन पाटलांनी मला कोरं पांढरं धोतर आहेर म्हणून दिलं आणि लगेच मुद्द्यावर आले. त्यांनी अंक समोर धरला. "मास्तर, हा डाव्या अंगाचा बैल पाहा. शिंग वाकडं हाये का नाई? आता आमच्या सर्जाचं पाहा."

सर्जाचं शिंग वाकडंच होतं. आता काय सांगू? ते शिंग मी वाकवलं कारण तिथे चित्राची चौकट संपत होती! सरळ काढलं असतं तर ते शेजारच्या चित्रात फेटेरावांच्या बायकोला टोचलं असतं.

तेवढ्यात धाकट्या पातीचे महादू पाटील आले. बुटके, चपळ आणि मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं. "बैल जाऊ द्या, मास्तर. मिशा पाहा! या मिशा कोनाच्या?"

मिशा माझ्या पुण्याच्या घरमालकाच्या होत्या. मी त्याचा सूड म्हणून त्या काढत असे.

मी धीर करून म्हणालो, "पाटीलसाहेब, खरं सांगू का? मी तुमचं गाव याआधी पाहिलेलंच नाही."

दोघंही मनापासून हसले. "पाह्यल्याबिगर कोनी काढते का?" किसन पाटील म्हणाले. "भिऊ नका, उद्या साऱ्या गावासमोर सांगजा." मग दोन्ही घरी जेवावं लागलं. दोन्हीकडे कढी, भाकरी आणि ठेचा. महादू पाटलांकडच्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. साक्षीदाराचं मन द्रवलं, असं समजून त्यांनी आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळं गाव मारुतीपुढे जमलं. बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना लाल हिंगूळ, आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं. तोरणाच्या अलीकडे दोन जोड्या खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि मागे सबंध गावाचे बैल. वर आभाळ भरून आलेलं. एक म्हातारा शेतकरी माझ्याजवळ आला. त्याने आपल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, कोनाचंही नाव घ्या, पन घ्या लवकर. याचं वय झालं. याले पुढचा पोया (पोळा) दिसते का नाई, कोन जाने."

रात्रभर मी फक्त माझ्या पाठीचा विचार केला होता. इथे ज्याची खरी पाठ वर्षभर मोडली होती, तो मुका उभा होता. आणि कुठल्याही पाटलाचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्याने जोडी आडवी घातली असती, म्हणजे पोळा पुन्हा बुडाला!

"बोला, मास्तर!" महादू पाटील ओरडले. "छापलं तेच खरं!"

छापलं तेच खरं! मी ओरडलो, "मग छापलंय काय? पहिला मान कुणाचा छापलाय?"

उत्तर मीच दिलं.

"फेटेराव पाटलांचा! मग त्यांची जोडी आल्याशिवाय पोळा फुटेल कसा? थांबा, आणतो त्यांना."

आहेराचं धोतर मी देवळाच्या ओट्यावर पसरलं. शिंगांचा उरलेला हिंगूळ, चुलीतला कोळसा, खांदशेकणीची हळद. नाटकाचे पडदे रंगवलेला हात होता, आणि पडदा वर जायच्या आत रंगवायची सवय होती. दोन धिप्पाड बैल काढले, या खेपेला चौकट नव्हती, म्हणून चारही शिंगं सरळ. मागे फेटेराव, ढेरी पुढे, आणि पायात एकच बूट. पोरं आधी हसली, मग बाया, मग मागच्या रांगा. कुणीतरी झडती (पोळ्याला म्हणायची गमतीची कविता) ठोकली:

"कोयशाचा बैल, त्याले हयदीचं अंग,
दोन पाटील भांडले, फेटेराव दंग!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" गाव गरजलं.

आता धोतर धरणार कोण? किसन पाटलांनी एक टोक पकडलं. ते एकट्याच्या हाती कसं जाऊ द्यायचं म्हणून महादू पाटलांनी दुसरं झडप घालून धरलं. मध्ये फेटेराव ताणले गेले. एक उंच, एक बुटका, म्हणून बैल थोडे उतारावर लागले, पण दोघंही पाऊल मागे घेईनात, पुढेही घेऊ देईनात. शेवटी बरोबरच चालले आणि तोरणाखालून एकदमच गेले. पोळा फुटला! मागून अख्खं गाव बैल घेऊन धावलं. तो म्हातारा आपल्या बैलाला घेऊन माझ्यासमोरून गेला तेव्हा मी रडत होतो, आणि या वेळी ठेचा नव्हता.

गावातल्या बायांनी त्या धोतरावरच्या बैलांचीही पूजा केली. पुरणपोळीचा घास तोंडाशी लावल्याने एका बैलाची नाकपुडी पुसली गेली. मग पाऊस आला आणि हळद ओघळली. महादू पाटील पाहून म्हणाले, "मास्तर, हे जोडी काही टिकाऊ नाई."

निघताना दोन्ही पाटील नांदुऱ्यापर्यंत पोचवायला आले. दमणीत माझ्या दोन्ही बाजूंना बसून त्यांनी नदीपर्यंतचा सबंध रस्ता एकाच गोष्टीवर वाद घातला: पुढच्या वर्षी फेटेरावांच्या धोतराचं उजवं टोक कोण धरणार. पूर्णेच्या काठी मी सवयीने चिखलाकडे पाहिलं. बूट नव्हता.

पुण्यात मला आता लोक ओळखतात. सभांतून हार घालतात, माझ्या चित्रांना दोनचार बक्षिसंही मिळाली. पण घर अजून त्या मिशाळ मालकाचंच आहे, आणि माझ्या नावावर काठीभर जमीन नाही. आहे ती एक बैलजोडी, तीही दर श्रावणात नवी काढावी लागते.

त्या दिवशी नांदुऱ्याला गाडी सुटता सुटता किसन पाटील खिडकीशी आले. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, जरा चोळल्यासारखा केला आणि कानाशी वाकून म्हणाले, "मास्तर, आज आवतन घ्या, पुढच्या पोयाले जेवाले या."