मी चुकवलेली तारीख

ही गोष्ट सांगताना आजही मान खाली जाते. घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा, मी स्वतः रोज पोथी वाचणारा. त्यामुळे देव आपलं ऐकतोच, असा एक गर्व मनात होता. सोळा वर्षांच्या माझ्या लेकीच्या गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर निघाला, तेव्हाही तो गर्व गेला नाही. डॉक्टरांनी क्रम नीट समजावला होता. आधी काही आठवडे केमो, गाठ आक्रसली की ठरल्या वेळी ऑपरेशन, जखम भरली की पुन्हा केमो. "तारखा तेवढ्या पाळा," असं ते दोनदा म्हणाले.

केमोनं तिचे केस गेले, पण सूज उतरली, ठणका थांबला. मी सगळं श्रेय पोथीला देऊन मोकळा झालो. ऑपरेशनची तारीख आली त्याच दिवशी घरात एकवीस दिवसांचं पारायण मांडलं. लेक म्हणाली, "बाबा, दवाखान्यात जाऊ या ना." मी म्हणालो, "देवावर विश्वास नाही का तुझा?" ती आत निघून गेली. दवाखान्याचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. शेजारपाजारचे लोक येत, तिचा पाय पाहून मला हात जोडत. मला ते आवडत होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पुढं वसाहती भराभर वाढत होत्या, पण आमच्या गल्लीत नळ पोचला नव्हता. सगळी भिस्त टँकरवर. पारायणाच्या एकोणिसाव्या दिवशी आमची पाळी नसताना टँकर आला. ड्रायव्हरसोबत पाचोड गावची त्याची बहीण होती. पाणी भरून होईस्तोवर ती आमच्या ओट्यावर सावलीला टेकली. लेकीचं बोडकं डोकं आणि जपून टाकलेला पाय बघून तिनं विचारलं, "आपरेशन झालं का पोरीचं?" मी पोथीचा प्रताप सांगू लागलो. तिनं साडीचा काठ जरा वर केला. आत कृत्रिम पाय होता.

"दादा, माझी बी गाठ अशीच बसली व्हती. आम्हाला वाटलं, गेली. गेली नव्हती. लई उशीर केला आम्ही. देवाला हात जोडा, पण पोरीला आजच घिऊन जा."

मी मागं वळलो. लेक दवाखान्याची फाइल छातीशी धरून दारात उभी होती.

तासाभरात आम्ही रिक्षात होतो. डॉक्टर रागावले नाहीत. "आलात ना," एवढंच म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. गाठ पुन्हा वाढू लागली होती, पण आजार दुसरीकडं पसरला नव्हता. रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवला, पाय वाचला. जखम भरताच उरलेली केमो सुरू झाली. त्यातली एकही तारीख मी चुकू दिली नाही. तिचा गुडघा आज पूर्ण वाकत नाही. ते माझ्या उशिरामुळं का, हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

पुढं एकदा मी तिची माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही अध्याय मोजत होतात, मी दिवस मोजत होते."

ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. मनोमन तिच्या पाया पडतो. शरण जातोय असं म्हणत मी देवालाच माझ्या मनासारखं वागायला लावत होतो, एवढं मात्र उमगलं. आता हात जोडले की मागणं एकच असतं: घरातलं माणूस बोलेल, ते मला ऐकू येऊ दे.