बर्फाची एक पट्टी आणि मिराशी काकांचा गुडघा

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक छोटासा भाग मी पदरचा घातलाय, पण तो कुठला ते शेवटी सांगेन. आत्ता सांगितलं तर बाकीच्यावरही तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या स्कीइंगवाल्या टोळीचा अनुभव असा आहे की ज्या वर्षी बर्फ कमी पडतो, त्या वर्षी किस्से जास्त पडतात. बर्फ भरपूर असला की माणूस वरून घसरत खाली येतो, कॉफी पितो आणि घरी जातो. त्यात सांगण्यासारखं काय असतं?

टोळी म्हणजे आम्ही तिघंच. मी, मकरंद आणि मिराशी काका. मकरंद पुण्याचा, इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत आहे, त्यामुळे डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर बसतानासुद्धा आधी रिस्क बघतो. काका मूळचे कोल्हापूरचे, भूलतज्ज्ञ, आता रिटायर्ड. तरुणपणी त्यांना व्हरमाँटच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथे हिवाळ्यात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून स्कीइंग शिकले. आम्हा दोघांना स्कीजवर उभं राहायला त्यांनीच शिकवलं. काकू स्की करत नाहीत. त्या फक्त निर्णय घेतात.

यंदा काकांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरच्या सुरुवातीला ठरलं. सर्जन म्हणाला, नंतर चाला, जिने चढा, बागकाम करा, स्कीइंग मात्र विसरा. म्हणजे काकांच्या आयुष्यातलं जे काही स्कीइंग उरलं होतं, ते नोव्हेंबरातच उरकायचं. आणि नोव्हेंबर असा निघाला की लोक हाफ पॅन्टमध्ये पानं गोळा करत होते. डोंगरावर मशीननं उडवलेल्या बर्फाची एक पट्टी, त्यावर एकच रन, म्हणजे घसरत उतरायची वाट, उघडी. बाकी डोंगर तपकिरी.

जावं की नाही, हे ठरवायला रविवारी दुपारी काकांच्या डायनिंग टेबलाशी बैठक बसली.

* * *

मकरंदनं सुरुवात केली. "काका, चार तास ड्राइव्ह करायचं, एका रनसाठी. आणि त्या एका रनवर अख्खं न्यू जर्सी. वर्थ नाहीये हो."

काका म्हणाले, "एका वेळी माणूस किती रनवर असतो रे?"

मकरंद फोन काढून डोंगराचा वेबकॅम लावायला लागला. तेव्हा मला बोलावंच लागलं, कारण वेबकॅम हा आमच्याकडचा नाजूक विषय आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच कोरड्या नोव्हेंबरात मकरंद ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना एका कोपऱ्यात तो वेबकॅम उघडा ठेवायचा. एका गुरुवारी दुपारी त्याचा ग्रुपवर मेसेज आला, "बर्फ वाढतोय." तासाभरानं, "झाडं झाकली." संध्याकाळी तर, "लिफ्ट दिसेनाशी झाली, यार. उद्या सुट्टी टाका." आम्ही टाकली. पहाटे निघालो, काकांनी त्यांच्या चांगल्या स्कीजना मेण लावून घेतलं होतं. पोचलो तर डोंगर हिरवागार. गायी सोडल्या असत्या तर चरल्या असत्या. मकरंद पार्किंगमध्ये फोन हातात धरून एकदा डोंगराकडे बघतोय, एकदा स्क्रीनकडे. स्क्रीनवर अजूनही सगळं पांढरंशुभ्र.

अख्ख्या डोंगरावर एकाच ठिकाणी बर्फ होता. कॅमेऱ्याच्या काचेवर.

* * *

"ते जाऊ दे," मकरंद म्हणाला, "पण खालपर्यंत बर्फ नसला तर लिफ्टनंच खाली यावं लागतं, हे तरी खरं आहे की नाही?"

हे खरं आहे. सीझनच्या सुरुवातीला कधीकधी बर्फ डोंगराच्या वरच्या अर्ध्यातच असतो. मग वर स्की करायचं आणि खाली येताना स्कीज मांडीवर घेऊन लिफ्टमध्ये बसायचं, देवदर्शन करून आल्यासारखं. वर जाणारे लोक समोरून येतात आणि आपल्याकडे कीव करून बघतात.

मकरंदचा यावर राग आहे तो वेगळ्या कारणानं. एका शुक्रवारी तो ऑफिसात रूट कॅनाल सांगून आमच्याबरोबर आला होता. खाली येताना समोरून वर येणाऱ्या खुर्चीत कोण, तर त्याचा मॅनेजर. या मॅनेजरनं त्याच सकाळी कळवलं होतं की बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय, आज फोन उचलता येणार नाही. एवढ्यावर निभावलं असतं, पण खाली कुणीतरी चढताना पडलं आणि लिफ्ट थांबली. दोघं बरोबर समोरासमोर लटकलेले. वारा, शांतता, पायाखाली झाडं.

शेवटी मॅनेजर म्हणाला, "हाऊ इज द टूथ?"

मकरंद म्हणाला, "बेटर. हाऊ इज द बेसमेंट?"

"ड्रायिंग."

लिफ्ट सुरू झाली. त्या वर्षी मकरंदला प्रमोशन मिळालं.

* * *

आतापर्यंत काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "गेल्या वर्षी नारळानं काय सांगितलं होतं?"

आमची पद्धत अशी आहे की सीझनच्या पहिल्या दिवशी लिफ्टपाशी नारळ फोडायचा. काका व्हरमाँटमध्ये होते तेव्हापासून हे करत आले आहेत. बर्फ चांगला असला की नारळ फुटतच नाही. आपटला की भस्सकन आत जातो, मग ग्लोव्हज काढून उकरून काढायचा, पुन्हा आपटायचा, पुन्हा उकरायचा. एका वर्षी तर असा खोल गेला की थेट एप्रिलमध्ये मिळाला, तोही कोंब फुटलेला. त्यामुळे आमच्यात बर्फ इंचात मोजत नाहीत. नारळ किती वेळा उकरला, त्यावर सीझन ठरतो.

गेल्या वर्षी काकांनी आपटला आणि पहिल्या फटक्यात दोन भकलं. मी आणि मकरंदनं टाळ्या वाजवल्या.

काका म्हणाले, "टाळ्या काय वाजवता? खाली दगड आहे."

तेवढ्यात डोंगरावर गस्त घालणारा लाल जॅकेटवाला माणूस आला. हे काय चाललंय म्हणाला. काकांनी शांतपणे समजावलं की ही बर्फाची खोली तपासायची जुनी भारतीय रीत आहे. त्यानं खोबऱ्याचा तुकडा खाल्ला, खालचा दगड बघितला, आणि वायरलेसवर सांगून तेवढ्या भागाला दोरी लावून टाकली.

"तर त्या दगडांवर," काकू म्हणाल्या, "तुम्ही हा गुडघा घेऊन जाणार. पडलात तर ऑपरेशन राहील बाजूला. सर्जनला जोडायलासुद्धा काही शिल्लक ठेवा."

काका वाद घालत असते तर बरं वाटलं असतं. ते टेबलक्लॉथवरची सुरकुती बोटानं सरळ करत बसले.

काकूंनी मकरंदचा फोन मागितला. चष्मा वर करून ती पट्टी बराच वेळ बघितली. "कुणीतरी रांगोळी घालायला घेतली आणि मध्येच फोन आला म्हणून उठून गेली, असं दिसतंय." मग फोन ठेवला आणि काकांना विचारलं, "नाही गेलात तर काय कराल?"

"बसेन खिडकीत."

"काय दिसतं खिडकीतून?"

"पार्किंग."

काकू उठून आत गेल्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. थोड्या वेळानं आतून पोळपाटाचा आवाज आला. मकरंद पुसट आवाजात म्हणाला, "जेवण झालंय ना आपलं?" काका उठून दारातून डोकावून आले. त्यांचा चेहराच बदलला होता.

"दशम्या करतेय," ते म्हणाले. "स्कीज काढा."

* * *

काकू आमच्याबरोबर आल्या. इतक्या वर्षांत त्या डोंगरावर कधी आल्याच नव्हत्या. थर्मास मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या आणि वाटभर एकदाही "हळू चालवा" म्हणाल्या नाहीत. त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटली.

पट्टी वेबकॅमवर दिसत होती तशीच होती. दोन्ही बाजूंना वाळकं गवत, मध्ये पांढरा रस्ता, त्यावर लाल-निळ्या जॅकेटांची झुंबड. बर्फ उडवणाऱ्या तोफा घोंघावत होत्या. मी पहिली फेरी मारली. बर्फ कसला, फरशी होती. मी अर्ध्या वाटेत गवतात गेलो आणि बूट झटकले तेव्हा आतून एक नाकतोडा निघाला. हे खरं आहे. मध्यावर तर पट्टी घराच्या दाराएवढी उरली होती आणि तिच्यात दगड वर आले होते. लोक तिथे थांबत, स्कीज काढत, हातात धरून चालत पलीकडे जात.

मी आणि मकरंद खाली काकूंजवळ येऊन उभे राहिलो. वर काका रनच्या कडेला थांबून होते. गर्दी उतरू दिली. गुडघ्याचा पट्टा एकदा घट्ट केला. मग निघाले.

मी वाढवून सांगणारा माणूस आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. पण त्या दिवशी जे दिसलं त्यात वाढवायला कुठे जागाच सापडेना. काका वळत होते असं म्हणवत नाही. डोंगर वळत होता आणि ते त्याच्यावरून ओघळत होते. आमच्या स्कीजचा त्या फरशीवर पत्र्यासारखा आवाज होत होता. त्यांच्या स्कीजचा आवाजच नव्हता. तोफांचा तुषार उन्हात चमकत होता, ते त्यात शिरले, दिसेनासे झाले, आणि बाहेर आले तेव्हा त्या दगडांच्या दारापाशी होते. लिफ्टवरची माणसं बोलायची थांबली. मकरंद माझ्या शेजारी उभा होता, त्यानं माझी बाही पकडली.

काकांनी वेग कमी केला नाही. त्यांनी उजवा पाय अलगद उचलला, दुखरा, आणि एका डाव्या स्कीवर त्या दारातून पार झाले. पलीकडे गेल्यावर उजवा पाय पुन्हा टेकवला, झोपलेल्या माणसाशेजारी सावकाश बसावं तसा.

काकू पुटपुटल्या, "इतकी वर्षं हे करायला जात होते हे?"

काका खाली आले. आमच्यासमोर थांबले, गॉगल वर केला, काकूंच्या हातातला चहा घेतला आणि म्हणाले, "वर्थ होतं."

* * *

आता ती कबुली. कॅमेरा खरा, मॅनेजर खरा, कोंब फुटलेला नारळ माझ्या परसात कुंडीत आहे. नाकतोडाही खरा. एका पायावरचं ज्यांना पटत नाही, त्यांनी मकरंदला विचारावं, त्याला थापा मारता येत नाहीत.

काकांचं थांबणं, चहा घेणं आणि "वर्थ होतं", तेवढं मी घातलंय. काका काही बोलले नाहीत. ते थांबलेच नाहीत. काकूंनी कप पुढे केला होता, त्याच्यावरून वाफ येत होती. काकांनी गॉगलमधून एकदा काकूंकडे बघितलं आणि तसेच पुढे सरकत जाऊन पुन्हा वर जायला लिफ्टच्या रांगेत उभे राहिले.

काकूंनी चहा परत थर्मासमध्ये ओतला आणि झाकण घट्ट लावलं.