चालू सर्व्हरची वायर उपटणारे फणसेसाहेब

श्री. विलासराव फणसे यांची आणि माझी पहिली भेट बडोद्याजवळ नंदेसरीतल्या आमच्या रसायन कारखान्यात, माझ्या मुलाखतीच्या दिवशी झाली. त्यांनी मला फारसं काही विचारलं नाही. सर्व्हरच्या खोलीत नेलं आणि भरदुपारी, सगळं ऑफिस कामात असताना, माझ्या डोळ्यांदेखत चालू सर्व्हरची वायर उपटली. "आता प्रयोगशाळेत जाऊन बघा, कोणी ओरडतंय का," एवढंच म्हणाले. नोकरीची गरज नसती तर मी तिथूनच घरी, सुभानपुऱ्याला जाणारी रिक्षा धरली असती.

साहेबांच्या षष्ट्यब्दीनिमित्त त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत, असं गौरवसमितीने मला सांगितलं आहे. लिहीनच. पण त्यांनी आम्हाला किती छळलं, हेही कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे.

आमच्या कारखान्याच्या सगळ्या फायली एका सामायिक फोल्डरमध्ये असतात. यंत्रावरचा माणूस त्यातली कृती वाचून माल घालतो, प्रयोगशाळा त्यातच निकाल भरते. ते फोल्डर अडलं की कारखाना अडला. म्हणून लिनक्सचे दोन सर्व्हर ठेवलेले, दोघांत मिळून डिस्क एकच. पहिला पडला तर दुसऱ्याने त्याचाच पत्ता घेऊन उभं राहायचं, आणि काम करणाऱ्याला काही कळूही नये. कागदावर हे सगळीकडेच चालतं. साहेबांचा कागदावर विश्वास नाही. त्यामुळे फक्त कारखान्याच्या व्यवस्थापकांच्या कानावर घालून ते अधूनमधून वायर काढत.

सुरुवातीला ते फसतही असे. एकदा दुसरा सर्व्हर उभा राहिला खरा, पण तेच फोल्डर तो वेगळ्या क्रमांकाने ओळखत होता. झालं, सगळ्यांच्या उघड्या फायली शिळ्या ठरल्या, म्हणजे जतनच होईनात. हिशेब विभागातल्या जिग्नाबेनचं सकाळपासूनचं काम त्यात गेलं. त्या तडक येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फणसेभाई, चालतुं काम शा माटे बगाडो छो?" चालू काम का बिघडवता, हा प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता. साहेबांनी हात जोडले. दोन्ही सर्व्हरवर क्रमांक एकच केला, मग त्यांच्याशेजारी बसून सगळे आकडे स्वतः पुन्हा भरून दिले. इतक्या सौजन्याने वागणाऱ्या माणसावर रागावणं फार अवघड असतं. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा वायर काढली, तेव्हा मात्र रागावणं आम्हाला सहज जमलं.

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या पत्नी शैलाकाकूंकडे हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असताना साहेबांनी मेन स्विच बंद केला. का, तर इन्व्हर्टर भार घेतो का ते बघायला. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा स्वर ऐकून वाटलं, आपलं दुःख त्यापुढे काहीच नाही.

माझ्या बाळंतपणाच्या रजेत माझ्या जागी कायमचा माणूस घेण्याचं घाटत होतं. साहेबांनी ते होऊ दिलं नाही. दुसरा सर्व्हर काही काळ बंद आहे म्हणून कोणी भंगारात देत नाही, असं त्यांनी मीटिंगमध्ये सुनावलं म्हणे. उपमा मला आवडली नाही. नोकरी मात्र राहिली.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला करजणला जातो असं सांगून साहेब रजेवर गेले. नेमका तेव्हा पहिला सर्व्हर खरोखरच बिघडला. धड मेला नाही, धड जगला नाही. त्याने डिस्क सोडली नव्हती, त्यामुळे दुसरा उभा राहीना. प्रयोगशाळेतल्या संगणकांचे पडदे गोठले, यंत्रावर माल अर्धा घातलेला. मी साहेबांना फोन लावत होते आणि फोन बंद. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते गौरवग्रंथात लिहिण्याजोगं नाही. मग त्यांचंच घोकवलेलं आठवलं: दोघांनी एकाच डिस्कवर कधी लिहायचं नाही, आधी पहिला नक्की बंद झाला पाहिजे. मी खोलीत गेले आणि वायर उपटली. थोड्या वेळात फोल्डर दुसऱ्यावर गेलं, पडदे हलले, माल पुरा झाला. जिग्नाबेन जाता जाता म्हणाल्या, "आजे पण फणसेभाईए वायर काढी?"

संध्याकाळी काकूंचा फोन आला. भाचीचं लग्न वगैरे काही नव्हतं. साहेबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, इथेच बडोद्यात. भेटायची परवानगी मिळाली तेव्हा मी आजाऱ्याशी बोलू नये तशी बोलले. ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर काम सोडून माझीच काळजी करत बसली असतीस."

इतके दिवस त्यांच्या जागी मी बसत होते; ते परत आले त्या दिवशी मी त्यांची खुर्ची रिकामी केली. ते बसले नाहीत. "जुना सर्व्हर उठला म्हणून काम लगेच त्याच्याकडे ओढायचं नसतं. चालू काम उगाच दुसऱ्यांदा तुटतं." आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. अजून तिथेच बसतात आणि माझ्या चुका काढतात.

साहेब, इथे सगळ्यांनी तुम्हाला उदंड आयुष्य चिंतलं आहे. मीही चिंतते, पण एका अटीवर. न सांगता गायब व्हायची तुमची चाचणी झाली, आम्ही पास झालो, आता ती पुन्हा घ्यायची नाही. दुसरा शेजारी चालू आहे म्हणूनच पहिल्याला निर्धास्त काम करता येतं, हे तुम्हीच शिकवलंत. मी हल्ली निर्धास्त काम करते. तेव्हा खिडकीजवळच्या त्या टेबलाशी खूप वर्षं ठणठणीत राहा, आणि फोन चालू ठेवा.