चोवीस मिनिटं

माझा दादा बस चालवायचा. एकतीस वर्षं चालवली, आणि त्यातली शेवटची बावीस एकाच मार्गावर, विमानतळ ते मोठं मैदान. मी त्याच डेपोत टाइमकीपर आहे. म्हणजे खिडकीत बसून गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली हे लिहायचं, उशीर झाला तर कारण विचारायचं, आणि कारण खोटं वाटलं तर भांडायचं. भांडायचं असं कुणी सांगितलेलं नाही, पण तेच मला सगळ्यात चांगलं जमतं. सख्खा भाऊ म्हणून दादाला मी कधी सूट दिली नाही. तशी वेळच त्याने येऊ दिली नाही म्हणा. डेपोत सगळे त्याला ‘काटा’ म्हणायचे. वहिनी म्हणायची, नाव अगदी शोभतंय, टोचायलाही तसेच आहेत.

त्याची एक खोड होती. गाडी खच्चून भरली की बाकीचे ड्रायव्हर स्टॉपवर थांबत नाहीत. आत पाय ठेवायला जागा नाही, थांबून करायचं काय? दादा थांबायचा. दार उघडायचा आणि बाहेरच्यांना स्वतः सांगायचा, “जागा नाही हो, मागची सात मिनिटांत येतेय.” मग दार लावून पुढे. आतली माणसं वैतागायची, घड्याळं बघायची, कुणी कुणी लागेल असं बोलायचंही. मी एकदा म्हटलं, “दादा, गाडी भरलीय हे त्यांना बाहेरून दिसत नाही का?”

“दिसतं की. पण माणसाने हात केला, तर त्याला काहीतरी उत्तर द्यायला नको?”

‘हात करूनही गाडी थांबली नाही’ अशा तक्रारींची एक जाडजूड वही आमच्याकडे आहे. प्रत्येक ड्रायव्हरचं त्यात पान आहे, काहींची चार-चार आहेत. दादाचं पान कोरं. एकतीस वर्षांत एक ओळ नाही. एरवी हा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द बोलणार नाही, पण त्या कोऱ्या पानाचं त्याला फार कौतुक होतं. महिन्यातून एकदा तरी माझ्या खिडकीशी यायचा आणि उगाच विचारायचा, “काय, आलं का काही माझ्या नावावर?” नाही म्हटलं की शीळ घालत जायचा.

निवृत्तीला चार महिने उरले होते आणि आमच्या शहराच्या अंगात आलं. जगभरचे खेळाडू जिथे जमतात ते मोठे सामने म्हणे आपल्याकडे भरवायचे. आधी दहा शहरं मागे लागलेली, गळत गळत चार राहिली, त्यात आम्ही. मग काय विचारता. चौकाचौकात फलक लागले, शाळेतल्या मुलांकडून गाणी बसवून घेतली, आणि विमानतळाच्या रस्त्यावर भिंती रंगवल्या. त्याही एकाच बाजूच्या, पाहुण्यांना जिकडे बघायला लावायचं होतं तिकडच्या. दुसऱ्या बाजूला आमचे स्टॉप होते, तिकडे कुणी ब्रश लावला नाही.

शहराने चारशे पानांचा अर्ज पाठवला होता. त्यात एक ओळ होती: विमानतळ ते मैदान, बसने, चोवीस मिनिटं. हे कुणी लिहिलं देव जाणे. त्या मार्गाच्या बावीस वर्षांच्या नोंदी माझ्या कपाटात आहेत. पंचावन्न मिनिटं लागतात, बाजाराच्या दिवशी सत्तर. मला कुणी विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. पण खिडकीत बसलेल्या बाईला कोण विचारतो?

आणि आता परीक्षक येणार होते. नऊ जण. चारही शहरं बघत फिरत होते, आणि अर्जात लिहिलेलं खरं की खोटं ते स्वतः बसून तपासत होते. नगरपालिकेच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी ठरलं ते असं: त्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा त्या रस्त्यावर दुसरी एकही बस सोडायची नाही, सगळे सिग्नल हिरवे ठेवायचे, आणि परीक्षकांची गाडी मधे कुठेही न थांबता काढायची. चालवणार कोण? काटा.

चार रविवार सकाळी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तालीम झाली. पहिल्यांदा एकोणतीस मिनिटं, मग सव्वीस, मग पंचवीस. चौथ्या रविवारी दादा घरी आला, चपला काढायच्या आधीच दारातून म्हणाला, “चोवीस.” असा फुललेला चेहरा मी त्याचा लग्नातही पाहिला नव्हता. मी त्याची थट्टा केली, पण मलाही बरं वाटलं. बावीस वर्षं ज्या रस्त्यावर माणूस घासला, तो रस्ता एकदा तरी त्याने मनासारखा पळवावा.

एक अट होती. परीक्षक कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ते कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. दुसरा कुणी असता तर बायकोच्या कानात कुजबुजला असता. आमचा दादा म्हणजे सरळ पट्टी. आणि नेमकी त्याच दिवशी वहिनीची हाडांच्या डॉक्टरकडे वेळ होती, साडेअकराची. गुडघा पार गेलेला, तीन महिने थांबून मिळालेली वेळ. चुकली की पुन्हा तीन महिने.

आदल्या संध्याकाळी दादा भाजी निवडत बसलेल्या वहिनीला म्हणाला, “उद्या तू आठच्या आत नीघ.”

“साडेअकराला जायचंय, आठला निघून तिथे काय झाडू मारू?”

“मी सांगतोय ना, लवकर नीघ.”

“का ते सांगा.”

“ते सांगता येणार नाही.”

“मग मी माझ्या वेळेने जाईन,” वहिनी म्हणाली, आणि विषय संपला. दोघंही हट्टी. मी मधे पडले नाही, कारण तो दिवस उद्याचाच हे मलाही माहीत नव्हतं. आम्हाला डेपोत दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या तोंडावर हुकूम वाचून दाखवला. मी लगेच घरी फोन लावला. फोन फडताळावर वाजत राहिला. वहिनी तो घेऊन बाहेर पडली असती तर नवल.

डेपोत त्या दिवशी साठ गाड्या नुसत्या उभ्या. सकाळी नऊला इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. साडेदहाला दादाची गाडी रिकामी परत आली. तो खिडकीशी आला आणि कागद सरकवला. सत्तावीस मिनिटं.

“कारण?” मी विचारलं. सवयच आहे.

“पॅसेंजर घेतला.”

“कुठला पॅसेंजर?”

“तुझी वहिनी.”

पेन माझ्या हातातच राहिलं. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रवासी घेतला.’

बाकीचं वहिनीने रात्री जेवताना सांगितलं, हातवारे करून. ती पाचव्या स्टॉपवर पाऊण तास उभी होती. गाडी आली, तिच्यासमोर थांबली, दार उघडलं. आत सगळे सुटाबुटातले. वहिनी म्हणाली, “तुम्ही जा, ही माझी गाडी नाही.” दादा म्हणाला, “चढ.” तिला पायरी चढवेना. तेव्हा परीक्षकांतली एक म्हातारी बाई उठली, तिने वहिनीच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं आणि शेजारी बसवलं. घड्याळ धरून बसलेला साहेब दादाच्या कानाशी येऊन म्हणाला, “काका, हे काय चाललंय?” दादा म्हणाला, “स्टॉप होता.” वहिनी डॉक्टरकडे वेळेवर पोचली. सांगताना ती इतकी हसत होती की तिला ठसका लागला. दादा खाली मान घालून जेवत होता.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. दादाला मार्गावरून काढलं आणि आवारात गाड्या धुवायच्या जागी नेऊन लावायचं काम दिलं. बावीस वर्षं तो मार्ग चालवलेला ड्रायव्हर शंभर पावलं पुढे, शंभर पावलं मागे. दीड महिन्याने मतदान झालं, सामने दुसऱ्या शहराला गेले. चौकात पडदा लावून लोक बघत होते, ते गुपचूप घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं: काट्याने घालवलं, तीन मिनिटांनी घालवलं. दुकानदारसुद्धा ऐकवायला लागला. मी दोघा-तिघांशी कडाकडा भांडले. दादा एका अक्षराने बोलला नाही. मला वाटायचं, हरल्याचं मनाला लावून घेतलंय.

मग वारं फिरलं. त्या म्हाताऱ्या परीक्षक बाईने तिच्या देशात कुठेतरी मुलाखत दिली. म्हणाली, चार शहरांतली मैदानं मला आता वेगवेगळी आठवत नाहीत, पण एक ड्रायव्हर आठवतो. इतकी मोठी माणसं गाडीत असताना स्टॉपवर उभ्या बाईसाठी तो थांबला. ते आमच्या वर्तमानपत्रात छापून आलं, फोटोसकट. झालं, काल ज्यांनी शिव्या दिल्या ते आज हार घेऊन उभे. ‘हात केलेल्या माणसाला कधीही मागे न सोडणारा ड्रायव्हर.’ दादाला मार्ग परत मिळाला. डेपोने ठरवलं, निरोप समारंभ दणक्यात करायचा.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मी ती तक्रारींची वहीच समारंभात नेली, कोरं पान उघडून टेबलावर ठेवली. पहिल्या रांगेत वहिनी, नवी साडी नेसून. डेपो मॅनेजर बोलले, नगरपालिकेचा तोच घड्याळवाला साहेब बोलला, तोही कौतुकानेच. आणि मग दादाला उभं केलं.

त्याने आधी टेबलावरचं ते पान बघितलं. मग म्हणाला, “हे पान कोरं आहे ते खरं नाही.”

लोक हसले. त्यांना वाटलं, नम्रपणा.

“आमची ही पाचव्या स्टॉपवर होती,” दादा म्हणाला. “त्याआधी चार स्टॉप आले. चारही ठिकाणी माणसं उभी होती, तासाभरापासून गाडी नव्हती ना. पहिल्या स्टॉपवर कारखान्यातल्या दोन मुली होत्या, रोजच्या. त्यांनी हात केला, मी थांबलो नाही. दुसऱ्यावर काठीवाले आजोबा. मला ओळखतात, त्यांनी काठी वर केली. तिसऱ्यावर एक बाई होती, मूल खांद्यावर टाकलेलं, मूल आजारी असावं. ती गाडीमागे चार पावलं पळाली, ते मला आरशात दिसलं. चौथ्या स्टॉपवर कोण होतं ते मी बघितलंच नाही. पाहुणे पलीकडच्या खिडकीतून भिंती बघत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. मला चोवीस मिनिटं हवी होती. साहेबांना हवी होती त्याहून जास्त मला हवी होती. त्या लोकांनी तक्रार केली नाही, कारण त्यांना वाटलं असेल, काटा आहे, काही कारण असेल. तेवढं लिहून घ्या.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि मधेच थांबवली. माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षांचं नाव असं चारचौघांत स्वतःच्या हाताने पुसायचं? कुणी मागितलं होतं? पण तो माझ्याकडे बघत होता. टाइमकीपरकडे बघतात तसा. मी पेन काढलं आणि त्या पानावर तारीख घातली. खाली चार ओळी लिहिल्या, प्रत्येक स्टॉपची एक. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

घरी आम्ही बसनेच निघालो. ती दोघं पुढच्या बाकावर, मी मागे. वहिनीच्या मांडीवर भेट मिळालेल्या वस्तूंची पिशवी होती. चार-पाच स्टॉप गेले. मग समोर बघतच म्हणाली, “आरशातून ती बाई पळताना दिसली, तरी नाही थांबलात.”

“नाही.”

“मग मला तरी कशाला घेतलंत? बायको म्हणून?”

“मलाही आधी तसंच वाटलं,” दादा म्हणाला. “पण तुलासुद्धा सोडून जाणारच होतो मी. पाय गाडी पळवायलाच ठेवला होता.”

“मग?”

“सगळ्यांनी हात केला. तूही केलास. मग काचेतून मी दिसलो, आतले पाहुणे दिसले, तशी तू हात खाली घेतलास आणि तो गुडघा घेऊन मागे सरकलीस. मला जाता यावं म्हणून. तेवढं मला बघवलं नाही.”