गोणपाटाचा ठसा
मिस्त्री भिंतीला पाठ टेकून चहा घेत होता. उजवा खांदा कालपासून बंड करून उठला होता, म्हणून कप डाव्या हातात. आज तरी पडून राहा, असं बायको तिसऱ्यांदा म्हणत होती, तेवढ्यात दार वाजलं.

दारात नर्सबाई. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधायला काढलं होतं आणि पुढच्या खोलीचा स्लॅब मिस्त्रीने कालच ओतला होता. आत या म्हटलं तरी त्या आल्या नाहीत.

"स्लॅबला भेगा पडल्यात," एवढंच म्हणाल्या.

चहा तसाच राहिला. नवराबायको दोघंही गेले.

वर चढून पाहिलं तर आटलेल्या डबक्याच्या तळासारखं भेगांचं जाळं पसरलेलं. मिस्त्री उकिडवा बसला. खिळ्याने चीर खरवडून पाहिली. चिरा वरवरच्या होत्या, भरून निघाल्या असत्या. पण तो तिथेच बसून राहिला.

काल ऊन आग ओकत होतं, वारा सुटला होता. ओल टिकावी म्हणून वर टाकायला बायको ओली गोणपाटं घेऊन कडेला उभी होती आणि हा तिला हाकलत होता. स्लॅब आरशासारखा घोटायचा, ही त्याची जन्माची खोड. ओल्या काँक्रीटवर गोणपाट टाकलं की विणीचा ठसा उठतो, तो याला खपायचा नाही. "लोकांना काय स्लॅबमध्ये बघून दाढी करायचीय?" असं तिने विचारलंही होतं. तो घोटत राहिला आणि काँक्रीटमधलं पाणी ऊन पिऊन गेलं.

आता टोमणा न मारता ती पाण्याची बादली आणायला गेली. ते त्याला जास्त लागलं.

नर्सबाईंचा आवाज चढला नाही. चिरा तुम्ही भरून द्यालच, म्हणाल्या. "पण मागच्या खोलीचा स्लॅब अजून व्हायचाय. तुम्ही करता, की दुसरा माणूस बघू? खरं सांगा, मिस्त्री."

पूर्वी ऊन डोक्यावर यायच्या आत त्याचा हात सगळा स्लॅब फिरून यायचा. जोडीला कोणी घ्या म्हटलं तर तो हसायचा. काल ऊन पुढे गेलं आणि हात मागे राहिला. हे बायकोला ठाऊक होतं. त्याने तोंडाने कधी म्हटलं नव्हतं.

खांदा दाबत तो उठला.

"करतो, बाई. फक्त जोडीला आणखी एक गवंडी द्या. मला एकट्याला आता होत नाही."