चार हुकूम आन एक उभी काठी

परभणी जिल्ह्यात शाळेची पायरी न चढता कंप्युटर चालवणारा पहिला माणूस मीच. हुद्दा झाडूवाल्याचा होता, आन चालवायच्या आधी त्याच्यावरली धूळ मलाच पुसावी लागायची.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हंगामातली गोष्ट. गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात ऊसतोडीच्या पाळीची यादी कंप्युटरवर निघायची. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र न्हाई का काय न्हाई. हुकूम लिहायचा, तेवढंच काम तो करणार. भाचा म्हणतो, आता त्याच जातीतलं लिनक्स असतंय. मी अक्षरं आकारानं वळखायचो आन बटनं जागेनं.

आमचा साहेब पोरगेला, सबुरीचा. एक हुकूम देऊन गावाच्या ओळी निवडायचा, दुसऱ्यानं त्या लागणीच्या तारखेनं लावायचा. मग थांबायचा. एकसारख्या दोन ओळी दिसल्या की चिटबॉयला, म्हंजी गावातल्या उसाच्या नोंदी करणाऱ्याला, बोलावून इचारायचा, "ह्यो ऊस एकच हाय का दोन?" बऱ्याचदा एकच ऊस दोनदा लिहिलेला निघायचा. ह्यात दोन-दोन दिवस जायचे.

मी म्हनलो, "साहेब, कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस रस होईस्तोवर कुठं थांबतो का? तुमीच मधी मधी कशाला थांबायलाव?"

साहेब हसला. बटनावरची एक उभी काठी दावली. दोन हुकमांच्या मधी ती ठेवली की पहिल्याचा माल सरळ दुसऱ्याच्या तोंडात. जोडओळीतली एक काढून टाकणाराबी हुकूम होता. "पर तो डोळे झाकून काढतो बरं," साहेब म्हनला. तेवढंच मी ऐकलं न्हाई.

पंधरा दिवस बोटं घोकली. निवड, लाव, जोड काढ, छाप. साहेब चार दिवस गावी गेला तवा चारी हुकूम एका ओळीत जुंपले आन बटन दाबलं. अर्धा चहा संपायच्या आत यादी बाहेर! सगळं दफ्तर बोलावून दावली.

साहेब आला. "जोडओळी इचारल्यास का?"

"व्हय," मी म्हनलो.

माझ्या बहिणीचा एक एकर ऊस होता. तिचं सालभराचं सगळं त्याच्यावरच. दाजी आन त्यांचा चुलतभाऊ, दोघांनाबी आज्याचंच नाव. गट नंबर एकच, कारण वाटणी कागदावर झालीच न्हवती. रान एकर-एकर. लागणबी सावडीनं, दोन्ही घरची माणसं मिळून एकाच दिवशी केलेली. आन बापाचं नाव मावायला कंप्युटरात जागा न्हवती.

संक्रांतीच्या आधी टोळी आली. चुलतभावाचा एकर तोडला आन मुकादम दाजींना म्हनला, "ह्या नावाची तोडीची चिठ्ठी एकच हाय." बहीण कारखान्यावर आली. फळ्यावरल्या यादीत दाजींच्या नावाचा आकार मी बोट ठेवून दावला. "हे बघ नाव. दुसरी चिठ्ठी मागून यायलीय. कंप्युटर कुणाच्या हातात हाय, बाई?"

दुसऱ्यांदा आली तवा म्हनली, "दादा, उसाला तुरे आले. आता वजन घटतंय."

"मग लय शोभत असंल," मी म्हनलो. ती हसली न्हाई.

तिसऱ्यांदा आली तवा विहीर आटली होती. तिनं मला इचारलंच न्हाई, सरळ साहेबाकडं गेली. साहेबानं मूळ नोंदी उघडल्या. एकाखाली एक, दोन ओळी. टिंबाचाबी फरक न्हाई.

"इचारलं होतंस ना?" साहेब म्हनला. मी फडकं हुडकायला लागलो.

त्यानं तिथंच चिठ्ठी लिहून दिली. पर टोळ्यांनी बिऱ्हाडं गाड्यांवर चढवली होती. चार दिवसांनी पट्टा पडला, कारखाना बंद.

वाळलेला ऊस दाजींनी सोताच्या हातानं पेटवला. एका कडंनं शिरलेली आग मधी कुठंच थांबली न्हाई. कांड्या फटाफट फुटायल्या होत्या. मी बांधावर, बहिणीच्या शेजारी. काहीतरी बोलावं म्हणून म्हनलो, "बाई, पुढल्या साली बापाच्या नावासकट लिहितो. करतो मी जागा कंप्युटरात."

तिनं आगीकडनं नजर काढली न्हाई.

"तू झाडूच मार, दादा. आन केर फेकायच्या आधी त्यात काय हाय ते बघत जा."