कूलर कंप्युटरला, पंखा मला

माझी सवत अजून माझ्याच घरात राहते.

काळी, चौकोनी, पोटात लाल लाईट. टेबलावर ऐटीत बसलेली असते.

आज ह्यांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळी फोटोला हार घालायच्या आधी मी तिच्यावरची धूळ पुसली. पुसताना राग आलाच.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. संतोष, म्हणजे आमचे हे, ह्यांना गेमचं येड होतं. जुन्या जालन्यात पाईप-मोटारीच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, आणि घरी आलं की हातपाय धुऊन कानाला हेडफोन.

लग्नात साधाच कंप्युटर होता. मला वाटलं, असू दे बिचारा कोपऱ्यात.

मंग अपग्रेड सुरू झालं.

आधी ग्राफिक्स कार्ड आलं. म्हणे आता गवताचं एकेक पातं वेगळं दिसतं. कार्डाला करंट पुरंना, मंग नवीन पॉवर सप्लाय. कार्ड जुन्या डब्यात मावंना, मंग नवीन डबा.

त्या कार्डासाठी महिनाभर व्हिडिओ बघितले ह्यांनी. आणि दिवाळीला माझी साडी घेताना? "कोणतीबी घे, तुला चांगलीच दिसती." मान वर न करता.

तुम्हीच सांगा, बाईनं जळू न्हाई तर काय करावं?

एकदा मला हाताला धरून स्क्रीनपुढं नेलं. पाण्यात ढग दिसून राह्यले, बघ म्हणे. खरंच दिसत होते. मी म्हणलं, आपल्या नळाला आठवडा झाला पाणी न्हाई, आणि तुमच्या गेममध्ये समुद्र.

लई हसले. पण खुर्चीवरून उठले न्हाईत.

दसऱ्याला गाडीची, पान्या-पकडीची पूजा केली तेव्हा मी डब्यालाबी हळदकुंकू लावलं. शेवटी घरातलीच ती. ह्यांनी टॉर्च लावून, मऊ ब्रशनं सगळं कुंकू झाडून काढलं. का, तर आतल्या पंख्यात जाईल.

माझ्या कपाळाकडं इतकं निरखून कधी बघितल्याचं मला आठवत न्हाई.

आणि मंग तो मे महिना.

कार्ड तापायचं, गेम बंद पडायचा. ह्यांनी काय करावं? डब्याचं झाकण काढलं आणि घरातला एकुलता एक कूलर फिरवून थेट तिच्या तोंडाला लावला. कूलर कंप्युटरला, पंखा मला.

मी म्हणलं, अहो, ओली हवा आहे ती.

"तू गप. थंड ते थंड."

दुसऱ्याच दिवशी पाण्याचे तुषार आत उडाले, स्क्रीनवर रंगीत पट्टे आले आणि कार्ड गेलं. ह्यांचं तोंड सुतक पडल्यासारखं. मी त्या दिवशी शिरा केला. चांगलं तूप सोडून.

पुढच्या महिन्यात त्याहून भारी कार्ड आलं. माझा शिरा वाया गेला.

पण खरी आग डब्याची नव्हती. ती होती हेडफोनमधल्या पोरांची.

एक फारुक, मंठ्याचा. दोघं भोकरदनकडचे. कधी भेटले न्हाईत, नुसते गेममधले दोस्त. त्यांच्याशी हे तासन्‌तास बोलायचे. आणि मी जेवायला हाक मारली की एकच उत्तर.

"आलो गं. दोन मिनटं."

त्या दोन मिनटांत माझ्या भाकरी गार व्हायच्या.

मागच्या वर्षी दुकानाचं शटर ओढताना ह्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यापर्यंत पोहोचलेच न्हाईत.

गावी, केदारखेड्याला, मातीला तीन अनोळखी पोरं आल्ती. माझ्यापेक्षा मोठ्यानं रडून राह्यली. मी बघतच राह्यले. मनात आलं, माझ्या माणसासाठी एवढं रडणारे तुम्ही कोण?

मंग हळूहळू एक गोष्ट कळली. माझ्याकडं ह्यांचा आवाज न्हाई.

फोटो भरपूर. मेसेज सगळे टाईप केलेले, "हो", "ओके", "येताना आणतो". व्हिडिओ काढायचे ते गप राहून. बोललेलं एकबी न्हाई. आणि मला आवाज आठवंना झाला. कसं म्हणायचे "गं", तेच सापडंना.

एक दिवस फारुकचा फोन आला. म्हणला, "भाभी, हम गेम रेकॉर्ड करते थे. भाईचा आवाज आहे आमच्याकडं. लई आहे."

मी फोन ठेवून दिला. माझ्या नवऱ्याचा आवाज परक्यांकडं ढिगानं, आणि माझ्याकडं भिंतीवरचा फोटो. कोणाचंबी काळीज जळंल.

काल दुपारी तो स्वतःच मंठ्याहून आला. मोबाईलवर न्हाई भाभी, भाईच्याच कार्डावर बघा म्हणला. बराबर दिसंल.

सवत सुरू केली. हिरवंगार गवत, एकेक पातं वेगळं. मी काही बघितलं न्हाई. मी नुसतं ऐकलं.

हे बोलून राह्यले होते. शिव्या देत होते, हसत होते, किती मोकळे. माझ्याशी असं कधी बोलले? बसल्या जागी अंगाची लाही झाली.

आणि मागून, लांबून, स्वयंपाकघरातून एक बाई ओरडली.

"अहो, भाकरी गार होऊन राह्यली!"

मी होते ती.

"आलो गं. दोन मिनटं."

मंग खुर्ची सरकली. गेममधला ह्यांचा माणूस गवतात तसाच उभा राह्यला. पोरं हाका मारून राह्यली, भाई, कुठं गेले, भाई. कोणी उत्तर दिलं न्हाई.

कारण हे उठून माझ्याकडं आल्ते.

मी फारुकला म्हणलं, एवढा तुकडा मला दे. बाकी सगळं तुमचं.

खाली भावपूर्ण श्रद्धांजली तुम्ही सगळे लिहा. मी आपली हाक मारते.

अहो, भाकरी केलीय. दोन मिनटं झाली असतील तर या.